एका वर्षाचा शब्द

"मदर, तुम्ही हितनं कधी जाणार?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो बायडाचा आणि अंबूचा होता, मी फक्त तोंड पुरवलं. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून दोघींनी मला पैजेवर चढवलं. अंबूचा मामा आजऱ्याहून भाजलेले काजू घेऊन आलेला, त्यातले ओंजळभर डावावर. बायडा म्हणाली, "इन्स्पेक्टरसायबाम्होरं घडाघडा बोललीस म्हणून शाळाभर मिरवतीस न्हवं? मग आप्पाबाईला विचारून दाव."

आप्पाबाई म्हणजे मदर अपोलोनिया, आमच्या शाळेच्या मुख्य. हे नाव अर्थात पाठीमागं. त्या कुठल्याशा विलायती गावच्या. गावाचं नाव त्यांनी कितीदा सांगितलं तरी आमच्या जिभेला ते झेपलं नाही. पण मराठी बोलायच्या ती अस्सल कोल्हापूरची, भाजीवाल्या बायकांशी घासाघीस करून शिकलेली. माझा जन्म झाला त्याच्या आधीपासून त्या त्याच खुर्चीवर होत्या, आणि आम्हाला वाटायचं कयामतीपर्यंत तिथंच बसणार. म्हणून तर प्रश्नात मजा होती.

मी गेले तेव्हा मदर व्हरांड्यात घंटेचा जुना दोर सोडून नवा बांधत होत्या. पांढऱ्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, गळ्यातला क्रूस पाठीवर टाकलेला. मी विचारलं आणि हसू दाबून उभी राहिले.

"सुट्टी लागली की," त्या म्हणाल्या. मानसुद्धा वर केली नाही.

मला हसू फुटलं. त्यांना नाही फुटलं.

"रोमहून नवा नेम आलाय," गाठ आवळत त्या म्हणाल्या. "एकाच मठात मदर म्हणून फार वर्षं कुणी ऱ्हायचं न्हाय. माझी कवाच उलटून गेलीत. आता दुसरी मदर येणार, मी दुसरीकडं जाणार."

"कुठं?"

"सांगतील तिथं."

"आणि तुम्ही व्हय म्हणालात?"

"आमच्यात विचारत न्हाईत, सांगतात. तुमच्यात पोरीचं लगीन ठरवताना विचारतात व्हय?"

मी खाली पडलेला जुना दोर गोळा करायला लागले.

"कुणाला सांगू नको असं मी म्हणत न्हाय," मदर म्हणाल्या. "तुला ते जमायचं न्हाय. ज्यांनी तुला धाडलंय त्या दोघींस्नी सांग. बाकीच्यांस्नी उद्या मी सांगते."

अंबूनं काजू दिले. एकीनंही खाल्ले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक मदर जाईल, दुसरी येईल, त्यात एवढं काय. पण आमची शाळा कशावर उभी होती ते सांगते म्हणजे कळेल. शाळा किरिस्तावांची, तीही कॅथलिक. कौलावर क्रूस, दारात मेरीची मूर्ती, शिकवायला झगेवाल्या सिस्टरा. सुरुवातीला गावात बोलवा होती की पोरी बाटवणार. मग प्लेग आला, गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत गेलं, तर मदर फळा डोक्यावर घेऊन मागोमाग गेल्या आणि झोपड्यांच्या मधोमध वर्ग भरवला. तेव्हापासून बाटवणार म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला. रमजानात आम्हा मुसलमान पोरींना त्या दुपारीच घरी सोडायच्या, आणि प्रार्थनेच्या वेळी बाहेर बसायला सांगायच्या, तेसुद्धा सावलीत.

तरीपण लहानपणी शाळेत घालणं वेगळं आणि पोरगी मोठी झाल्यावर इंग्रजी वर्गात ठेवणं वेगळं. त्यासाठी मदरची एक रीत होती. दर उन्हाळ्यात त्या काळी छत्री घेऊन पायी निघायच्या. वरच्या वर्गात जाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या घरी जायच्या, जमिनीवर बसायच्या, देतील ते प्यायच्या, आणि बापाकडं एकच मागायच्या. "औंदाचं एक वर्ष द्या. पुढचं पुढल्या उन्हाळ्यात बोलू." मॅट्रिकचं नाव काढायच्या नाहीत, नोकरीचं नाही, लग्नाचं तर नाहीच.

माझे अब्बा, नबीलाल मणेर, बांगड्यांचे व्यापारी. आयुष्य घासाघिशीत गेलेलं, पण ह्या सौद्यात दरवर्षी हरायचे. मदर गेल्या की अम्माला म्हणायचे, "एक साल म्हंजी काय गं मलिका, आंब्याचा हंगाम गेला की आला." आणि मग, स्वतःची समजूत घालायला, "मदर हाय तोवर जाऊ दे."

मदर हाय तोवर. सगळ्या बापांनी हे वाक्य पाठ केल्यासारखं होतं. बायडाचे वडील आकारामकाका तेच म्हणायचे, अंबूचे पिराजीकाका तेच म्हणायचे. आणि आता मदर नसणार होत्या.

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. पुस्तक उघडलं की अक्षरं पळायची. भाकरी थापायला बसले की करपायची. अम्मा म्हणाली, "अंगात काय मुंग्या शिरल्यात काय गे?" मिरजेचं एक स्थळ अम्माच्या बोलण्यात अधूनमधून यायचं, तेही बांगडीवालेच. आजवर मदरच्या शब्दानं ते दाराबाहेर थांबलेलं. मला ते आता आत येताना दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मदरनी वरच्या वर्गाच्या आम्हा पोरींना जवळ बसवून सगळं सांगितलं. दोघी-तिघी रडल्या. मदरनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "झालं? आता ऐका. औंदा घरोघरी मी जाणार, पण बोलणार न्हाय. बोलायचं तुम्ही. एकमेकींच्या घरी."

"नव्या मदर बोलतील की," कुणीतरी म्हणालं.

"त्यांना मराठी शिकायला दोन वर्षं लागतील. तवर तुमच्या वर्गात बाकडी ऱ्हातील, पोरी न्हाईत."

पहिला मान मला. अंबूचं घर. तिचे वडील पिराजीकाका दरबारच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. बोलताना समोरच्याच्या दातांकडं बघायची त्यांना सवय. मी मदरचंच वाक्य मदरच्याच सुरात म्हटलं, "औंदाचं एक वर्ष द्या, काका." ते मदरकडं बघून म्हणाले, "बरं, दिलं."

झालं. मला वाटलं, एवढंच तर असतं. येताना मी जवळजवळ उड्या मारत होते. पिराजीकाकांनी शब्द दिला तो माझ्याकडं न बघता, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. डोक्यात एकच चाललेलं: वर्षावर्षाला कशाला मागायचं? मदर भिडस्त आहेत, परक्या देशातल्या आहेत. आपण इथल्या. एकदाच काय ते ठणकावून मागावं, म्हणजे दर उन्हाळ्याची कटकट मिटली.

मग कळंब्याला बायडाच्या घरी गेलो. उन्हात लांबचा रस्ता, तळ्याच्या कडेकडेनं. मदर छत्री माझ्यावर धरत होत्या आणि मी छत्रीच्या बाहेर पुढं पुढं पळत होते.

आकारामकाकांचं घर उसाच्या रानात. गुऱ्हाळ नुकतंच उठलेलं, अंगणात गुळाचा वास. काकांनी घोंगडं टाकलं, गूळ-पाणी आलं. बायडा दाराआड, आणि तिची आजी धोंडुबाई उंबऱ्यावर शेंगा फोडत.

"मदरबाई, बोला," काका म्हणाले.

"औंदा ही बोलणार."

"का? तुमचं तोंड दुखतंय व्हय?" काका हसले. माझ्याकडं वळून म्हणाले, "बोला मग, पावणं."

मी बोलले. काय बोलले. इन्स्पेक्टरपुढंसुद्धा इतकी चांगली बोलले नव्हते. "काका, एकेक वर्ष मागत बसायचं म्हंजे काय हो. बायडा हुशार हाय. तीन वर्षं द्या, मॅट्रिक होऊन जाईल. मॅट्रिक झाली की मास्तरीण होईल, आमच्याच शाळेत शिकवंल. पंचक्रोशीत तुमचं नाव निघंल."

आकारामकाकांनी तळहातावर मळलेली तंबाखू तशीच राहिली.

"तीन," ते म्हणाले.

"व्हय. फक्त तीन."

"म्हंजी सतरा-अठराची व्हईल."

"व्हय की."

"आन मग मास्तरीण. मग लगीन?"

माझ्याकडं सगळ्याची उत्तरं तयार. "ते काय, नंतर बघता येतंय."

दाराआडून बायडा हातानं काहीतरी खुणा करत होती. मला वाटलं, शाबासकी देतेय.

धोंडुबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. "ऐकलंस न्हवं आकाराम? मी म्हनत हुते तेच. वर्सावर्साला चाखत चाखत पोरगी गिळायची ह्यास्नी. आज ह्या पोरीच्या तोंडातनं निघालं."

"आये, तू गप." पण काका माझ्याकडं बघत नव्हते, मदरकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा फसवलेल्या माणसाचा होता. "मदरबाई, मला वाटत हुतं मी एक वरीस देतोय. एक वरीस म्हंजी एक लावण. एक लावण वाया गेली तर माणूस मरत न्हाय. तुम्ही तर रानच मागाय लागला."

मी मदरकडं बघितलं. आता त्या बोलतील. एक वाक्य बोलल्या असत्या तरी पुरे होतं. मदर पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला पालथा ठेवला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "इंग्रजी चौथी झाली, लई झाली. तुम्हीबी जाणार म्हंत्यात. आता बायडा घरात बसंल."

"येतो आम्ही," मदर म्हणाल्या, आणि उठल्या.

तळ्यापर्यंत मी वाटेतले खडे पायानं उडवत आले. मग फुटले. "तुम्ही का न्हाय बोललात? तुम्ही बोलला असता तर काकांनी शब्द दिला असता."

"दिला असता."

"मग?"

"मला दिला असता. जूनला मी हितं न्हाय. मग तो शब्द कुणाचा?"

"पण बायडा गेली ना शाळेतनं." मी रस्त्यात उभीच राहिले. "तुमच्या हट्टापायी गेली."

मदरसुद्धा थांबल्या. छत्री मिटली. उन्हात त्यांचा चेहरा लालभडक झालेला, आणि मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"व्हय, माझीच चूक," त्या म्हणाल्या. "पण आजची न्हाय. इतकी वर्षं सगळ्या घरांतनं शब्द मी एकटीनं घेतला. एकाही सिस्टरला नेलं न्हाय, एकाही मोठ्या पोरीला नेलं न्हाय. लोक म्हणायचे, मदर हाय तोवर. मला ते ऐकायला बरं वाटायचं, रशिदा. लई बरं वाटायचं. ही शाळा मी माझ्या पायांवर चालवली, आणि आता पाय दुसरीकडं चालले."

"मग बायडाचं काय करायचं?"

"ते तू बघ."

"मी?"

"रान मागितलंस तू. लावण कशी मागायची तेबी तूच शीक."

छत्री पुन्हा उघडून त्या चालू लागल्या. मी मागं. मला त्यांचा राग आलेला, आणि राग येऊन चालत नव्हतं कारण चालायचं त्यांच्याच सावलीत होतं.

बायडा आली नाही. बाकावर तिची जागा मोकळी. अंबू माझ्याशी बोलायची बंद झाली, बोलली ती एकदाच, "तुझ्या तोंडाला काजू चारायला निघालो, ते चुकलं." सुट्टी तोंडावर आली, इतर पोरी मदरबरोबर घरोघरी जात राहिल्या. कुठं शब्द मिळायचा, कुठं नाही. एक सोनाराची पोर इतकी घाबरली की मैत्रिणीच्या बापापुढं नुसती रडली, आणि बापानं घाबरून शब्द देऊन टाकला. मला मात्र मदरनी पुन्हा पाठवलं नाही. मी दोनदा कळंब्याच्या वाटेला लागले आणि दोनदा तळ्यापासून परत आले. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं तेच जुळत नव्हतं. बोलकी म्हणून मिरवणारी मी, आणि एक वाक्य जुळेना.

तोवर बाजारात बातमी पसरलेली. अब्बा दुकानातून आले ते म्हणाले, "मदर जाणार म्हंत्यात. खरं हाय?"

"खरं हाय."

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "मग यील आपल्याकडं एकदा. शेवटचा च्या पिऊन जाईल." पुढचं अम्मा बोलली. "आन मग मिरजेला निरोप धाडू."

मी रोज अंगण झाडायला लागले. अम्मानं चांगले कप काढून ठेवले. मदर शेजारच्या बोळात येऊन गेल्याचं कळलं. नंतर पलीकडच्या. आमच्या बोळात नाही. शेवटी मीच शाळेत जाऊन त्यांना गाठलं. त्या कपाट आवरत होत्या. एक पत्र्याची पेटी उघडी, तिच्यात निम्मी जागा रिकामी.

"मदर, आमच्या घरी कधी येणार? अब्बा वाट बघतायत."

"तुमच्या घरी मी येत न्हाय."

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. "पण माझं वर्ष कोण मागणार?"

"तुमच्या घरात बोलणारी हाय की." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नबीलालशेटना माझा सलाम सांग. बांगड्यांच्या मापासाठी त्यांनी एकदा माझा हात बघितलेला. म्हणालेले, ह्या हाताला कोल्हापुरात माप न्हाय. ते मी सगळीकडं सांगते."

मग त्या हसल्या आणि पुन्हा कपाटात वळल्या. मी तिथंच उभी. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटत होतं आणि त्यांची ती पेटी लाथाडावीशीही वाटत होती.

सिस्टरांच्यात निरोपसमारंभ नसतो. आपल्यात कुणी गाव सोडून निघालं तर हार, नारळ, वेशीपर्यंत माणसं. त्यांच्यात नाही. सुट्टी लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंबू धापा टाकत आमच्या दारात. अबोला विसरून म्हणाली, "गेल्या. टांग्यातनं. एकट्या. माझ्या बानं बघितलं स्टेशनाकडं जाताना."

आम्ही दोघी शाळेकडं पळालो. व्हरांड्यात नव्या मदर उभ्या होत्या, तरुण, उंच, चष्मा लावलेल्या. आम्हाला बघून घाबरल्या असाव्यात. त्यांना मराठीचा एकच शब्द येत होता तो त्यांनी वापरला. "बसा."

आम्ही बसलो. मग त्याही पायरीवर आमच्या शेजारी बसल्या. समोर चिंच, बंद वर्ग. मला एकदम दिसलं की ह्या बाईला काही म्हणजे काही ठाऊक नाही. बायडा कोण, कळंबा कुठं, बापांची भीती कशाची. आणि मला ठाऊक आहे. मदरनी खुर्ची हिला दिली होती. घरं मात्र आमच्याकडं सोडून गेल्या होत्या.

मी उठले. अंबू म्हणाली, "कुठं निघालीस?"

"घरी. बोलायचंय."

"आता आनि कुणाला घालवतीस?"

"मलाच," मी म्हटलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

घरी अब्बा ओसरीवर बांगड्या मापाप्रमाणे दोऱ्यात ओवत होते. अम्मा तांदूळ निवडत होती. मी येऊन समोर बसले ते पाणीसुद्धा न पिता.

"गेल्या?" अब्बांनी विचारलं.

"गेल्या. तुम्हाला सलाम सांगितलाय."

"सलाम." अब्बांचा हात थांबला. त्यांना लागलेलं होतं. "सगळ्यांच्या घरी गेली, आपल्या घरी आली न्हाय. मी काय न्हाय म्हणणार हुतो काय तिला?"

"तिला न्हाय म्हणाला नसता," अम्मा म्हणाली. "आता मागायलाच कोण न्हाय तर द्यायचं कुणाला? झालं ते बरं झालं. मिरजेची माणसं आईतवारी येतो म्हंत्यात."

तोंडावर पुन्हा ती सगळी मोठी वाक्यं आली. मॅट्रिक, मास्तरीण, पंचक्रोशीत नाव. एकापाठोपाठ एक, रांगेत उभी. मी ती गिळली. आकारामकाकांच्या हातातली तशीच राहिलेली तंबाखू आठवली. आपले अब्बा काही त्यांच्याहून शूर नाहीत.

"अब्बा, मागायला मी हाय," मी म्हटलं. "मी औंदा इंग्रजी पाचवीत जाणार. एक वर्ष. पुढचं काय ते मला ठाऊक न्हाय, आणि ठाऊक असल्याचं सोंगबी करत न्हाय. पुढल्या उन्हाळ्यात मी पुन्हा हितंच येऊन बसंन, तवा बोलू. मिरजेच्या लोकांस्नी तवर थांबा म्हणायचं, थांबत नसतील तर त्यांची मर्जी. आजवर शब्द मदरला देत होता, आता मला द्यायचा. आणि अम्मा, उद्या सकाळी मी कळंब्याला जाणार हाय, आकारामकाकांकडं, बायडासाठी. तू बरोबर आलीस तर बरं, न्हाय तर अंबूला घेऊन जाते. पण जाणार."